तीन फुटांचं गाव

पुण्याहून सोलापूरला जाणाऱ्या वंदे भारतमध्ये माझ्या शेजारी एक कॉलेजातला मुलगा बसला होता. पुण्यातच वाढलेला, सोलापूरकडे पहिल्यांदाच निघालेला. भिगवण मागे पडलं आणि काही वेळानं डब्यात चुळबुळ सुरू झाली. वरच्या फळीवरून बॅगा निघाल्या, झोपलेली लहान मुलं खांद्यावर आली, बरीच माणसं दाराशी जाऊन उभी राहिली. गाडी कुर्डुवाडीला थांबली. मुलानं काचेला कपाळ लावून बाहेर पाहिलं. लांबच लांब फलाट, भरपूर रूळ, आणि त्यांच्या पलीकडे थोडेसे दिवे. 'काकू, एवढ्याशा गावाला ही गाडी का थांबते?' त्यानं विचारलं. मी म्हटलं, 'जंक्शन आहे.' त्यानं मान हलवली आणि पुन्हा मोबाइल काढला. उत्तर बरोबर होतं. तरी गाडी सुटल्यावर सोलापूर येईपर्यंत ते मला पुरेसं वाटेना. जंक्शन म्हणजे दोन रेल्वेलाइनी जिथं भेटतात ती जागा, हे त्या मुलालाही ठाऊक असणार. कुर्डुवाडीत त्या दोन लाइनी कित्येक दशकं एकमेकींना भेटूच शकत नव्हत्या, आणि गाव त्यावरच जगलं, हे मला सांगायचं होतं.

माझं आजोळ बार्शीचं. मे महिन्यात आई आम्हाला घेऊन पुण्याहून रात्रीच्या गाडीला बसायची आणि पहाटेच्या अंधारात कुर्डुवाडीला उतरवायची. डोळे उघडत नसत. आईच्या एका हातात ट्रंकेची कडी, दुसऱ्या हातात धाकट्या भावाचं मनगट, आणि मी तिच्या पदराला धरून. मोठ्या गाडीचा फलाट सोडून आम्ही छोट्या गाडीकडे जायचो. तिकडे हवाच वेगळी वाटायची. शेंगदाण्याच्या पोत्यांचा तेलकट वास, ग्रीस, ओल्या गोणपाटाचा वास, आणि चहावाल्याच्या स्टोव्हचा रॉकेलचा भपका. डबे इतके बुटके की मामा दारात वाकून उभा राहायचा. समोरासमोरच्या बाकांवर बसलं की पलीकडच्याच्या गुडघ्याला गुडघा लागायचा. कुणाच्या मांडीवर कोंबडी, कुणाच्या पायाशी गुळाची ढेप. उजाडता उजाडता गाडी हलायची आणि खिडकीतून ज्वारीची मोकळी रानं, बांधावरची बाभळ, मधूनच एखादी मोट नसलेली कोरडी विहीर हळूहळू मागं सरकत जायची. बार्शीपर्यंतच्या पस्तीसेक किलोमीटरना दीड-दोन तास लागत. आम्हाला त्याची कधी तक्रार नव्हती. सुट्टी तिथूनच सुरू व्हायची.

नकाशा समोर घेऊन बसलं की या गावाची जागा किती योगायोगाची आहे ते कळतं. पश्चिमेला भीमा, पूर्वेला सीना, आणि मधल्या कोरड्या माळावर कुर्डुवाडी. नदीकाठ नाही, किल्ला नाही, मोठं देवस्थान नाही, जुनी पेठ नाही. तालुक्याचं ठाणंसुद्धा माढ्याला. कुर्डू हे मूळ गाव जवळच आहे आणि ही त्याची वाडी. पाऊस वर्षाला जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर, तोही लहरी. अशा ठिकाणी एरवी चार घरं आणि एक मारुतीचं देऊळ असतं. पण मुंबईहून मद्रासकडे जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जी.आय.पी. रेल्वेची लाइन पुण्यानंतर भीमेच्या खोऱ्यातली सोपी, सपाट जमीन धरून आग्नेयेला उतरली आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचली. बार्शी वाटेवर नव्हती. कापसाची एवढी मोठी पेठ, बालाघाटाच्या पायथ्याचा सगळा माल जिथं उतरायचा ते गाव, रुळांपासून वीस-एकवीस मैल बाजूला राहिलं. म्हणून या माळावर एक स्टेशन झालं आणि त्याला नाव मिळालं बार्शी रोड. गाव कुर्डुवाडीचं, पाटी बार्शीची. सुरुवातीची कित्येक वर्षं या स्टेशनाचं काम एकच होतं. बार्शीहून येणाऱ्या बैलगाड्यांची वाट पाहायची.

त्या बैलगाड्यांच्या रांगा एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या तरुण इंग्रज इंजिनिअरनं पाहिल्या. तो जी.आय.पी. मध्येच नोकरीला होता. बार्शीपर्यंत स्वस्तातली छोटी रेल्वे टाकावी हा विचार त्याच्या डोक्यात बसला तो निघेना. नोकरी सोडून, लंडनमध्ये भांडवल गोळा करून त्यानं १८९५ मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी केली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. रूळ हलके, यार्डाला तीस पौंडांचे. त्याची खरी हुशारी एका नियमात होती: इंजिन असो, प्रवासी डबा असो वा मालडबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. भार सगळीकडे सारखा वाटला की हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. त्यासाठी लीड्सच्या किट्सन कारखान्यातून खास इंजिनं बनवून घेतली, आठ चालक चाकांची, म्हणजे वजन पसरलेलं. १८९७ हे दुष्काळाचं आणि प्लेगचंही वर्ष. या भागात माणसं हवालदिल होती, जनावरं मरत होती, आणि त्याच सुमाराला माळावरून पहिली छोटी गाडी शिटी देत गेली. ती पाहून लोकांना काय वाटलं असेल याचा विचार मी बरेचदा करते. बैल मेलेल्या गाडीवानाला तर नक्कीच वेगळं काही वाटलं असणार.

पण माल आपोआप इकडचा तिकडे जात नव्हता.

मोठ्या लाइनीची रुंदी साडेपाच फूट, छोटीची अडीच. फरक तीन फुटांचा. एका लाइनीचा डबा दुसरीवर चढणं शक्यच नाही. बार्शीहून आलेला प्रत्येक कापसाचा गठ्ठा, लातूरहून आलेलं शेंगांचं आणि डाळीचं प्रत्येक पोतं, उलट दिशेनं मुंबईहून आलेली प्रत्येक कापडाची गासडी, रॉकेलचा डबा, मिठाची गोणी कुर्डुवाडीला उतरली आणि माणसांच्या पाठीवरून दुसऱ्या गाडीत चढली. या कामासाठी आसपासच्या दुष्काळी गावांतून माणसं आली आणि राहिली. हमालांच्या मागून त्यांच्यासाठी चहाची टपरी आली, खानावळ आली, सावकार आला, किराणा आला, शाळा आली. गाव वसलं ते या तीन फुटांत.

कॅल्थ्रॉपनं पुढं इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायरच्या डोंगरात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच छोटी रेल्वे बांधली, १९०४ मध्ये. तिथंही तोच प्रश्न होता, मोठ्या रुळांचा माल छोट्या रुळांवर कसा न्यायचा. तिथं त्यानं मोठ्या लाइनीचा आख्खा मालडबाच छोट्या लाइनीच्या सपाट गाडीवर चढवायची सोय केली. दूध, दगड, काही असो, वाटेत हात लावायची गरज नाही. हे मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसले. आपला साडेपाच फुटी डबा अडीच फुटी रुळांवर तसा तोलता आला असता की नाही, हे इंजिनिअर सांगतील, कदाचित नसताच आला. पण इथं त्या प्रश्नाची निकडच कुणाला नव्हती एवढं मला समजतं. इथं पाठी स्वस्त होत्या. आणि त्याच वेळी हेही खरं की ती सोय इथं झाली असती तर कुर्डुवाडीच झाली नसती. त्या हमालांच्या नातवंडांपैकी कितीतरी जण आज शिकले, नोकऱ्यांना लागले, पुण्या-मुंबईत घरं घेऊन राहिले. या दोन गोष्टींचा हिशेब एका वहीत कसा मांडायचा हे मला अजून जमलेलं नाही.

१९०६ मध्ये लाइन दुसऱ्या बाजूनं पंढरपूरपर्यंत गेली आणि कुर्डुवाडीला वर्षातून दोनदा पूर यायला लागला, माणसांचा. त्याआधी लांबून येणारे यात्रेकरू बार्शी रोडला उतरून पुढचे तीस-एक मैल बैलगाडीनं नाही तर पायी जात. आता मोडनिंबवरून छोटी गाडी थेट पंढरपूरला नेऊ लागली. आषाढीला माझी आजी बार्शीहून याच वाटेनं जायची. ती सांगायची, डबा आतून भरला की माणसं टपावर, टप भरला की दोन डब्यांच्या मधे. पाऊस पडायचा, इंजिनाचा कोळशाचा धूर खाली दबायचा, पांढरी धोतरं करडी होऊन जायची आणि तरी डब्याडब्यातून टाळ वाजत राहायचे. 'एकादशीला तिकडं, बारशीला परत भगवंतापुढं,' असा तिचा नेम. पंढरपूरची वारी करून द्वादशीला बार्शीच्या भगवंताचं दर्शन घ्यायचं, ही कितीतरी घरांची रीत. तिची सगळी भक्ती कुर्डुवाडीच्या फलाटावरून जायची. रात्र रात्र तिथं दगडी फरशीवर चादर अंथरून बायका बसायच्या, शेजारणीला भाकरी द्यायच्या, जाताना नाव-गाव विचारायच्या. आजीच्या दोन मैत्रिणी अशा फलाटावर झालेल्या होत्या. एक सांगोल्याकडची, एक मुरूडची. त्यांच्या घरची लग्नकार्यं आमच्या घरी कळायची.

पूर्वेकडे लाइन बार्शीवरून येडशीचा रामलिंगचा घाट चढून १९११ मध्ये लातूरला पोचली. म्हणजे अर्ध्या वाटेत राज्य बदलायचं. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, पुढचं सगळं निजामाच्या. रूळ मात्र तेच, गाडी तीच. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या काळात या सरहद्दीवर बार्शीच्या बाजूनं कार्यकर्त्यांचे कॅम्प होते, तिकडून जीव घेऊन आलेली कुटुंबं बार्शीत आणि कुर्डुवाडीत आसऱ्याला होती. आजोबा त्या दिवसांबद्दल फार बोलत नसत. एवढंच म्हणायचे की लातूरकडून येणारी गाडी फलाटाला लागली की लोक आधी उतरणाऱ्यांचे चेहरे बघायचे. पश्चिमेचा टप्पा शेवटी झाला, पंढरपूरहून सांगोला, कवठेमहांकाळ करत मिरजेपर्यंत, १९२७ मध्ये. कॅल्थ्रॉपही त्याच वर्षी वारला. लातूर ते मिरज, सव्वातीनशे किलोमीटर, पाऊस ज्या पट्ट्याला चुकवून जातो जवळजवळ त्याच पट्ट्यातून आडवी गेलेली ही लाइन, आणि तिच्या मधोमध कुर्डुवाडी. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेची झाली. लोकांच्या तोंडी नाव राहिलं बार्शी लाइट.

वर्कशॉपबद्दल मला एका निवृत्त फिटरकाकांनी सांगितलं. मागच्या वर्षी मी मुद्दाम कुर्डुवाडीला उतरले, गाडी बदलायला नाही, गाव बघायला. रेल्वे कॉलनीत कडुलिंबाची मोठी झाडं आहेत, उन्हाळ्यात त्या माळावर तेवढीच सावली. काका तिथल्याच एका ओट्यावर बसले होते. वडील माल-फलाटावर हमाल, मुलगा वर्कशॉपात फिटर. 'ताई, आमचा बाप पोतं उचलून वाकला, आणि मी इंजिनाच्या खाली वाकलो,' असं ते म्हणाले. छोट्या लाइनीची इंजिनं, डबे, सगळं खोलून पुन्हा जोडायचं काम इथं व्हायचं. एखादा भाग मिळत नसे कारण जगात तो बनवणं बंद झालेलं असे, मग तो इथंच ओतायचा, कानसायचा, बसवायचा. हाताला अंदाज होता, असं ते दोन्ही तळवे उघडून म्हणाले. माथेरानची छोटी गाडी आजारी पडली की तीसुद्धा दुरुस्तीला कुर्डुवाडीलाच येते, हे सांगताना त्यांचा आवाज चढला. डोंगरावर त्या गाडीत बसून हसणाऱ्या मुलांना ठाऊकही नसेल की तिची चाकं या माळावर नीट होतात. त्यांच्या वेळी वर्कशॉपचा भोंगा झाला की गावातल्या बायका चुलीवर तवा ठेवायच्या. घड्याळ फक्त मास्तरांच्या घरी होतं.

मग गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बदलायला लागला. दोन हजार सालानंतर टप्प्याटप्प्यानं छोटे रूळ निघाले आणि मोठे पडले. पंढरपूरचा तुकडा आधी, लातूरकडचा २००८ च्या सुमाराला, मिरजेकडचा त्यानंतर दोन-तीन वर्षांत. नवी लाइन टाकताना वाट वळवून उस्मानाबाद, आताचं धाराशिव, रुळांवर घेतलं. जिल्ह्याचं ठिकाण असून जुन्या लाइनीनं त्याला बगल दिलेली होती. लातूरहून मुंबईला रात्री झोपून सकाळी उतरता यायला लागलं. माझी मामी मुंबईला उपचाराला जायची तेव्हा या थेट गाडीनं तिचे किती हाल वाचले ते मी पाहिलंय. कुर्डुवाडीला पहाटे उतरून, दुखणं सांभाळत, पूल चढून गाडी बदलणं तिला झेपलंच नसतं. म्हणून छोट्या गाडीच्या आठवणीनं गळा काढणाऱ्यांत मी नाही. ती गाडी हळू होती, वरच्यावर बंद पडायची, पावसाळ्यात खोळंबायची. बार्शी, येडशी, लातूरच्या माणसाला मोठी लाइन मिळायलाच हवी होती, आणि खूप आधी मिळायला हवी होती.

तरी तीन फूट मिटले त्या दिवसापासून माल-फलाटावर माणसाचं काम उरलं नाही.

फिटरकाका म्हणाले, शेवटच्या काही वर्षांत तसाही माल ट्रकवर गेला होता, हमाल आधीच पांगले. कुणी पुण्याला वॉचमन झाला, कुणी टेंभुर्णीच्या बाजूला उसाच्या कामाला, उजनीचं पाणी आल्यापासून तिकडे ऊस आहे. कुणी हातगाडी टाकली. मोर्चा निघाला नाही की पेपरात बातमी आली नाही. एक एक जण यायचा बंद झाला.

एप्रिल २०१६ मध्ये ही लाइन पुन्हा सगळ्या देशानं पाहिली. लातूरला पाणी संपलं होतं, नळाला महिन्यातून एखाद्या वेळी आलं तर आलं. मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून रेल्वे निघाली, पहिल्या खेपेला दहा टँकर, प्रत्येकात पन्नास हजार लिटर. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करत ती लातूरला पोचली. नंतर पन्नास टँकरच्या खेपा सुरू झाल्या. टीव्हीवर ती गाडी बघताना माझ्या अंगावर काटा आला, आणि कारण फक्त पाणी नव्हतं. मिरजेला पाणी आहे आणि लातूरला नाही, या दोहोंच्या मधे हीच कॅल्थ्रॉपची वाट होती. छोटी लाइन असती तर मिरजेहून लातूरला पाणी आणणं शक्य झालंच नसतं असं म्हणता येणार नाही, ती आख्खी एकाच रुंदीची होती. पण पन्नास टँकरची एवढी जड गाडी त्या तीस पौंडी रुळांसाठी नव्हती. ज्या बदलानं कुर्डुवाडीचं काम गेलं त्याच बदलानं लातूरला पाणी पोचलं. काका त्या दिवसांत स्टेशनावर जाऊन उभे राहायचे. पाण्याची गाडी न थांबता पुढं जावी असं त्यांना मनापासून वाटायचं, असं ते म्हणाले. सगळं आयुष्य गाडी थांबावी म्हणून जगलेल्या गावातला माणूस हे बोलला.

मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं असतं ते असं: वंदे भारत २०२३ मध्ये सुरू झाली तेव्हा पुणे आणि सोलापूर यांच्या मधे तिला एकच थांबा होता, कुर्डुवाडी. ती कुर्डुवाडीच्या माणसांसाठी थांबत नाही एवढंच. ती बार्शीसाठी थांबते, पंढरपूरसाठी, माढा-करमाळा-टेंभुर्णीसाठी, पुढच्या धाराशिवसाठी. स्टेशनाबाहेर वडापवाले 'बार्शी, बार्शी' असा पुकारा करत उभे असतात, जीपमध्ये चौथा माणूस पुढच्या सीटवर कोंबतात आणि निघतात. माणसांना अजूनही इथं वाहन बदलावं लागतं, फक्त ते आता फलाटावर नाही, रस्त्यावर. आणि सोलापूर-तुळजापूर-धाराशिव ही नवी लाइन बांधली जातेय. ती झाली की सोलापूरहून धाराशिवला जायला कुर्डुवाडीचा वळसा घ्यावा लागणार नाही. मी हे काकांना म्हटलं तेव्हा त्यांनी हात झटकला. 'होऊ द्या की. तुळजाभवानीला रेल्वे नको का?'

माझं म्हणणं वेगळं होतं, आणि ते मी त्यांना तिथंच सांगितलं. नवी लाइन होवो. पण कुर्डुवाडीच्या फलाटावर उतरणाऱ्या माणसाला दिसेल अशा जागी जुने छोटे रूळ वीस-पंचवीस फूट पुन्हा टाकावेत, मोठ्या रुळांच्या अगदी शेजारी, म्हणजे ते तीन फूट डोळ्यांनी मोजता येतील. एक बुटका डबा ठेवावा, ज्याच्या दारात वाकावं लागतं. आणि ज्यांनी तिथं काम केलं त्यांच्या आठवणी नावानिशी, गावानिशी लिहून घ्याव्यात, कारण त्यातले थोडेच आता राहिलेत. कॅल्थ्रॉपचं सगळं इंग्रजीत लिहिलेलं आहे, त्याच्या आसाचा भारसुद्धा. हमालांच्या पाठीवर किती भार यायचा ते कुठं लिहिलेलं मला सापडलं नाही.

काकांनी ऐकून घेतलं. ओट्यावरून उठता उठता म्हणाले, 'डब्याशेजारी एक पोतं पण ठेवा, ताई. भरलेलं, शंभर किलोचं. उचलून बघू दे पोरांना.'